नुसता चेंडू वाटून काय होतं?

बास्केटबॉल हा खेळ मुळात एका वैतागलेल्या मास्तरानं शोधून काढला. गोष्ट १८९१ च्या डिसेंबरमधली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएची एक प्रशिक्षण शाळा होती. बाहेर बर्फ, आत व्यायामशाळेत १८ धडधाकट तरुण, आणि रोज तीच ती कवायत. पोरं कंटाळली होती, आणि कंटाळलेली पोरं वर्गाचं काय करतात हे आपल्या कॉलेजात कुणाला समजावून सांगायला नको. आधीच्या दोन शिक्षकांनी त्या वर्गापुढं हात टेकले होते. मग जेम्स नेस्मिथ नावाच्या तिशीतल्या कॅनडियन शिक्षकाला सांगण्यात आलं, दोन आठवड्यांत काहीतरी काढ. त्यानं शिपायाकडं दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या टोपल्या होत्या. त्याच त्यानं गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता, म्हणून आज जगभर रिंग १० फुटांवर असते. टोपलीला बूड होतं, त्यामुळं चेंडू आत पडला की कुणीतरी शिडीवर चढून काढायचा! १३ नियम कागदावर लिहून भिंतीवर लावले आणि फुटबॉल घेऊन खेळ सुरू झाला.

हा नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेला माणूस. खेळाचं पेटंट त्यानं कधी घेतलं नाही. पुढं वायएमसीएच्या माणसांनी हा खेळ चीन, जपान, ब्राझील, फिलिपिन्सपर्यंत नेला. आपल्याकडं हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, आणि शाळा-कॉलेजांत दिसणारे कितीतरी खेळ तिथं शिकलेल्या शिक्षकांच्या हातून देशभर गेले. आपल्या ग्राउंडवरचा गंजका खांब जरा आदरानं बघा. त्याचं कूळ मोठं आहे.

सांगायचं कारण असं की ‘बास्केटबॉलमधून तरुणांना आधार’ हे शब्द हल्ली फार ऐकू येतात. मोठमोठे खेळाडू आपल्या नावानं संस्था काढतात, आफ्रिकेत शिबिरं घेतात, शाळा बांधतात. ऐकून काहीजण भारावतात, काहीजण म्हणतात, ‘टॅक्स वाचवायचे धंदे आहेत.’ मला दोन्ही आळशीपणाचे वाटतात. हा खेळ जन्मला तोच पोरांचं काय करायचं या प्रश्नातून. तेव्हा त्याचा असा वापर होणं यात नवल काहीच नाही. बघायचं एवढंच की चेंडूच्या मागं काय आहे. चेंडू हे आमिष आहे. ते टाकल्यावर पोरं गोळा होतातच. गोळा झालेल्या पोरांना पुढं काय मिळालं, कुणी दिलं, आणि किती वर्षं दिलं, यावर सगळं ठरतं.

डिकेम्बे मुटोम्बोचं उदाहरण घ्या. १९६६ मध्ये किन्शासात जन्मलेला हा मुलगा १९८७ साली अमेरिकेत गेला तो डॉक्टर व्हायला. जॉर्जटाउन विद्यापीठात शिष्यवृत्ती होती. सात फूट दोन इंच उंचीचा पोरगा कॉलेजात फिरतोय म्हटल्यावर बास्केटबॉलच्या कोचच्या नजरेतून सुटणार थोडाच! १९९१ साली तो एनबीएत गेला आणि १८ हंगाम खेळला. समोरच्याचा शॉट अडवायचा आणि मग तर्जनी हलवून ‘नाही, नाही’ करायचं, ही त्याची लकब. असे ३,२८९ शॉट त्यानं अडवले. एनबीएच्या इतिहासात यात त्याच्या पुढं फक्त हकीम ओलाजुवान.

डॉक्टर व्हायचं राहून गेलं. तिकडं किन्शासात त्याची आई, बियाम्बा मारी, आजारी पडली. शहरात अशांतता, रस्ते बंद. दवाखान्यात नेता आलं नाही आणि ती घरातच गेली. मुलगा तेव्हा अमेरिकेत कोट्यवधी डॉलर कमावत होता, आणि त्यातला एकही डॉलर त्या रस्त्यावर कामाला आला नाही. १९९७ मध्ये त्यानं आपली संस्था काढली आणि २००७ साली किन्शासात ३०० खाटांचं रुग्णालय सुरू झालं, आईच्या नावाचं. खर्च २ कोटी ९० लाख डॉलर. त्यातला निम्म्याहून अधिक त्यानं स्वतः दिला.

मला यातली १० वर्षं महत्त्वाची वाटतात. १९९७ ते २००७. एवढा पैसेवाला, एवढा नाव असलेला माणूस, तरी १० वर्षं लागली. जमीन मिळवा, निधी जमवा, देशात युद्ध चालू असताना बांधकाम करा, मग डॉक्टर आणा, औषधं आणा. फोटो एका दिवसात निघतो, रुग्णालय नाही निघत. आणि तो मधे थांबला असता तर कुणी विचारायलाही आलं नसतं. २०२१ मध्ये म्बुजी-मायी भागात त्यानं शाळाही सुरू केली, ती वडिलांच्या नावानं. ३० सप्टेंबर २०२४ ला, वयाच्या ५८ व्या वर्षी, मेंदूच्या कर्करोगानं तो गेला. रुग्णालय चालू आहे.

आता दुसरं टोक. मानुट बोल. दक्षिण सुदानचा डिंका जमातीचा मुलगा, उंची ७ फूट ७ इंच. १९८५ मध्ये एनबीएत आला. मायदेशात यादवी चालली होती, माणसं घरदार सोडून पळत होती. बोलनं आपल्या कमाईतला मोठा वाटा त्या निर्वासितांवर घातला. इतका, की पुढं स्वतःजवळ फारसं उरलं नाही. मग २००२ साली टीव्हीवरच्या एका तमाशात तो बॉक्सिंगला उभा राहिला, एका अवाढव्य निवृत्त फुटबॉलपटूशी. लोक हसले. हसणारच, सात फुटांचा काटकुळा माणूस ग्लोव्ह घालून उभा. पण पैसे सुदानसाठी हवे होते. त्यानं लोकांना हसू दिलं आणि पैसे पाठवले. शेवटच्या वर्षांत तो आपल्या गावी, तुरालेईला, शाळा बांधण्याच्या मागं होता. २०१० च्या जूनमध्ये ४७ व्या वर्षी तो वारला. पुढच्याच वर्षी, ९ जुलै २०११ ला, दक्षिण सुदान स्वतंत्र देश झाला.

हिशेबाच्या वहीत बघितलं तर मानुट बोलचं दान फसलेलं वाटेल. मोठी संस्था नाही, ठेव नाही, चकचकीत अहवाल नाही. पण याच बोलनं इजिप्तमध्ये निर्वासित म्हणून राहणाऱ्या एका घरातल्या मुलांना चेंडू कसा धरायचा ते शिकवलं होतं. त्यातला एक लुओल डेंग. तो पुढं कुटुंबाबरोबर लंडनला गेला, तिथून अमेरिकेला, आणि २००४ मध्ये एनबीएत. निवृत्तीनंतर दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला. देशात छपराखालचं एकही कोर्ट नव्हतं. सरावासाठी परदेशात हॉल भाड्यानं घ्यायचे, विमानाची तिकिटं काढायची. यातला बराच खर्च डेंगनं खिशातून केला. कोच म्हणून आपल्या शाळेतल्या जुन्या सवंगड्याला, रॉयल आयव्हीला आणलं. २०२३ च्या विश्वचषकात हा संघ पहिल्यांदाच उतरला आणि आफ्रिकेतल्या संघांत सरस ठरून थेट पॅरिस ऑलिंपिकला गेला. त्याआधी लंडनच्या सराव सामन्यात त्यांनी अमेरिकेला घाम फोडला. निकाल १०१-१००, शेवटच्या क्षणी लेब्रॉन जेम्सनं वाचवलं म्हणून. पॅरिसमध्ये पहिल्या सामन्याआधी चुकून सुदानचंच राष्ट्रगीत वाजवण्यात आलं. ज्या देशातून फुटून निघायला इतकी माणसं मेली, त्याचं गीत! पोरं छातीवर हात ठेवून उभी राहिली, मग खेळली, आणि पोर्तो रिकोला ९०-७९ नं हरवलं.

बोलनं डेंगला शिकवलं तेव्हा त्याच्या खात्यात त्याची ‘लाभार्थी’ अशी नोंद कुणी केली नव्हती. अशा कामाची फळं कुठल्या रकान्यात भरायची हा प्रश्नच आहे. म्हणून हिशेब नको असं मी म्हणत नाही. हिशेब हवाच. त्याकडं येतो, पण आधी बेलफास्टला जाऊ.

उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ चा शांतता करार होऊनही कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं बहुतांशी वेगवेगळ्या शाळांत जातात. वस्त्यांच्या मधे अजून भिंती आहेत. दोघंही ख्रिस्ताचंच नाव घेणारे, हे आपण इथं या कॉलेजात बसून वाचताना विसरू नये. तिथं खेळसुद्धा वाटून घेतलेले. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग कॅथलिकांचे, रग्बी आणि हॉकी प्रोटेस्टंटांचे. फुटबॉल दोघांचा, खरं जर्सी बघितली की पोरगं कुठल्या बाजूचं ते कळतं. सेल्टिक की रेंजर्स. अशा गावात ‘पीसप्लेअर्स’ नावाच्या संस्थेनं बास्केटबॉल आणला. दोन अमेरिकन भावांनी २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू केलेली ही संस्था पुढच्या वर्षी उत्तर आयर्लंडमध्ये आली, नंतर इस्राएल-पॅलेस्टाइन आणि सायप्रसमध्येही गेली. बेलफास्टमध्ये बास्केटबॉल का? कारण तो कुणाचाच नव्हता. त्यात कुणाचा आजा जिंकलेला नव्हता आणि कुणाचा काका मारला गेलेला नव्हता.

शेजारशेजारच्या दोन शाळा घ्यायच्या, एक या बाजूची, एक त्या बाजूची. मुलांचे संघ मिसळून करायचे. आता पास द्यायचा तर समोरच्याचं नाव ठाऊक हवं. तिथं नावावरूनही धर्म कळतो, तरी नाव घ्यावंच लागतं, नाहीतर चेंडू जातो. सगळी युक्ती एवढीच आहे. व्याख्यानं नाहीत, शपथा नाहीत. आठवड्यामागून आठवडे त्याच मुलांनी त्याच मुलांना पास द्यायचा. एका स्पर्धेनं किंवा एका मेळाव्यानं हे होत नाही. एक दिवस एकत्र खेळून मुलं आपापल्या भिंतीमागं जातात आणि विसरतात.

मी बेळगावातली. आपल्याकडं भिंती नाहीत, खरं एकाच गल्लीतली चार पोरं सकाळी चार दिशांना जातात: मराठी माध्यम, कन्नड माध्यम, उर्दू माध्यम, आणि परवडलं तर इंग्रजी. संध्याकाळी गल्लीत क्रिकेट होतं ते पण आपापल्यातच. क्रिकेट, कुस्ती, फुटबॉल या सगळ्यांना आपल्याकडं गल्ली आहे, तालीम आहे, मंडळ आहे, आणि मंडळामागं झेंडा आहे. बास्केटबॉलला अजून झेंडा नाही. त्याचं हे अनाथपण मला फार उपयोगाचं वाटतं.

आता हिशेब.

एनबीएची ‘बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स’ नावाची शिबिरं आहेत. सुरुवात २००१ मध्ये इटलीत ट्रेव्हिसो इथं झाली. युगोस्लाव्हिया फुटून युद्धं झाली होती; व्लादे दिवाच हा सर्ब आणि टोनी कुकोच हा क्रोएट, एकेकाळी एका संघातून खेळलेले. त्यांनी आणि इतरांनी मिळून त्या फुटलेल्या तुकड्यांतल्या ५० मुलांना एकत्र खेळवलं. कल्पना उत्तमच. पण पुढं हीच शिबिरं एनबीएसाठी गुणी खेळाडू हेरायची जागाही झाली. कॅमेरूनचे जोएल एम्बीड आणि पास्कल सियाकाम तिथूनच पुढं आले. २००८ मध्ये असं शिबिर दिल्लीतही झालं. यात लबाडी आहे असं नाही, पण हेतू दोन आहेत, आणि दोन हेतूंपैकी ज्यात पैसा आहे तो हळूहळू पुढची खुर्ची घेतो. मग शिबिराला उंच मुलगा हवा असतो. बुटक्या, घाबरट, घरी मार खाणाऱ्या मुलाला आधाराची गरज जास्त. त्याला टी-शर्ट मिळतो.

पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये एनबीएच्या निवडीत घेतला गेला. पहिला भारतीय! वर्तमानपत्रांनी पानं भरली. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दोष त्याचा नाही. सात फूट उंची आणि अफाट मेहनत असूनही दार इतकं अरुंद असतं, एवढंच यातून दिसतं. गावोगावच्या पोरांना ‘तूही स्टार होशील’ म्हणून कोर्टावर आणणं म्हणजे लॉटरीची तिकिटं वाटणं आहे. तिकीट विकणारा कधी हरत नाही.

लेब्रॉन जेम्सचं काम मला जास्त प्रामाणिक वाटतं, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त टीका त्यावरच झाली. ३० जुलै २०१८ ला त्यानं आपल्या गावी, ओहायोतल्या ॲक्रनला, ‘आय प्रॉमिस’ शाळा सुरू केली. खाजगी शाळा नव्हे; गावच्या सार्वजनिक शाळा-विभागाचीच शाळा, तिला त्याच्या संस्थेचं बळ. तिसरी-चौथीची २४० मुलं. निवडली कशी? जी वाचनात मागं पडलेली आहेत ती. हुशार नव्हे, मागं पडलेली. प्रत्येक मुलाला सायकल आणि हेल्मेट. शाळेतच धान्याची कोठी, पालक येऊन लागेल ते नेणार. पालकांच्याही शिक्षणाची सोय. आपल्याकडं प्रवेशासाठी पाच वर्षांच्या पोराची मुलाखत घेणाऱ्या शाळा बघितल्यात ना तुम्ही? त्यांच्या शेजारी ही यादी ठेवून बघा.

२०२३ मध्ये बातमी आली. तेव्हा आठवीत चाललेल्या तुकडीतला एकही विद्यार्थी तिसरीपासून राज्याची गणिताची परीक्षा उत्तीर्ण झालेला नव्हता. एकही नाही. टीकाकारांना तेवढंच हवं होतं. मधली दोन वर्षं करोनाची, आणि मुलं निवडलीच होती मागं पडलेली, हे खरं. तरी ‘एकही नाही’ हा आकडा शोभेचा नाही, आणि नुसत्या प्रेमानं गणित येत नाही हेही तितकंच खरं. पण मला या प्रकरणात चांगली गोष्ट दिसते ती वेगळीच. सार्वजनिक शाळा असल्यामुळं आकडा बाहेर आला. शाळा मंडळाच्या बैठकीत लोकांनी प्रश्न विचारले. खेळाडूच्या खाजगी संस्थेत हे घडलं असतं तर आपल्याला फक्त हसऱ्या मुलांचे फोटो दिसले असते. त्याच अमेरिकेत २०१३ मध्ये ईएसपीएन वाहिनीनं शंभरावर खेळाडूंच्या संस्था तपासल्या, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश संस्था चांगल्या कारभाराच्या एका तरी कसोटीत कमी पडल्या होत्या. बऱ्याचदा चोरी नसते, नुसता ढिसाळपणा असतो. मामेभाऊ चिटणीस, मेजवानीचा खर्च देणगीपेक्षा मोठा, अशी तऱ्हा. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही.

आणि नावाचा धोका वेगळाच. लान्स आर्मस्ट्राँग या सायकलपटूच्या कर्करोगविषयक संस्थेचे पिवळे रबरी पट्टे एकेकाळी जगभर मनगटांवर होते. २०१२ मध्ये त्याचं उत्तेजक सेवन उघड झालं, त्याला अध्यक्षपद सोडावं लागलं, आणि मदत घेणाऱ्या रुग्णांचा काही दोष नसताना संस्थेलाही फटका बसला. एका माणसाच्या नावावर छप्पर टाकलं की तो माणूस कोसळल्यावर खालची माणसं भिजतात.

एवढं सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडं खेळाडूनं दान करायची पद्धत नव्हती असं नाही, पण उलटी होती. पूर्वी राजा पैलवानाला खुराक द्यायचा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला दिलेला आश्रय आपल्या भागात कुणाला सांगायला नको. पुढं राजे गेले आणि ती जागा कधी कधी मास्तरांनी घेतली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडं पैसे नव्हते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. एका प्राचार्यानं, आपल्याच कॉलेजातून गेलेल्या पोरासाठी! खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ते आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्यानंतरचं कमी सांगितलं जातं. खाशाबांनी कुस्त्या लावल्या, स्वतः लढले, आणि बक्षिसाचे पैसे प्राचार्यांना घर सोडवायला दिले. एनबीएची कोटी कोटी डॉलरची संस्था नव्हती ती. पण पदक मिळवलेल्या माणसानं पुन्हा मातीत उतरून गुरूचं घर सोडवणं, याहून मोठं खेळाडूचं दान मला माहीत नाही.

आणि नागपूर. हिस्लॉप कॉलेज, आपल्यासारखंच ख्रिस्ती मंडळींनी काढलेलं. तिथले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं दिसली. त्यांनी चेंडू दिला. इथवर कुणीही करतं. त्यांनी पुढं झोपडपट्ट्यांतल्या संघांची स्पर्धा घेतली, मग ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं, पोरं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ त्यावरच आहे. बघितला नसेल तर बघा. बारसे कुणी स्टार नव्हते. दुसऱ्या दिवशी परत त्याच मैदानावर जायची तयारी मात्र त्यांच्याकडं होती. मुटोम्बो आणि बारसे यांच्यात पैशांचा फरक प्रचंड आहे, जातीचा नाही. दोघंही परत परत गेले.

आता हे सगळं मी मंडळाच्या अंकात का लिहितेय, ते सांगते. यंदा जिमखाना आणि आपलं वाङ्मय मंडळ मिळून खानापूर तालुक्यातल्या सहा हायस्कूलांना क्रीडासाहित्य वाटायचं ठरतंय. प्रत्येक शाळेला चेंडू, जाळी, दोऱ्या, एक फलक, आणि माजी राष्ट्रीय खेळाडूच्या हस्ते कार्यक्रम. निधी जमलाय. मनापासून जमवलाय, त्याबद्दल कुणाच्या हेतूवर मला बोट ठेवायचं नाही. माझं म्हणणं असं की सहा शाळा सोडा, दोन घ्या. एक मराठी माध्यमाची, एक कन्नड, एकमेकींपासून चालत जाण्याइतक्या जवळच्या. दोन लोखंडी खांब इथल्याच वेल्डरकडून करून घेऊ. पूर्ण कोर्टाची गरज नाही. तीन विरुद्ध तीनचा खेळ अर्ध्या कोर्टावर होतो आणि तो आता ऑलिंपिकमध्येही आहे. उरलेला पैसा सत्कारावर न घालता वर्षभर एका प्रशिक्षकाच्या मानधनाला ठेवू. आणि दर शनिवारी आपल्यातले चौघं तिथं जाऊ. मुली असायलाच हव्यात, कारण शाळेतल्या मुलींना ग्राउंडवर यायला घरून परवानगी मिळते ती ‘ताई आहेत’ म्हटल्यावरच.

बैठकीत यावर दोन आक्षेप आले. पहिला, मराठी मंडळानं कन्नड शाळेसाठी निधी का घालायचा. त्याचं उत्तर माझ्यापुरतं सोपं आहे. सीमाभागात मराठी जगवायची तर ती आपल्याच चार भिंतींत बोलून जगणार नाही. कन्नड शाळेतल्या पोरानं ‘इकडं दे, इकडं दे!’ असं मराठीत ओरडावं आणि आपल्या पोरानं ‘कोडो!’ म्हणून उत्तर द्यावं, यात मराठीचं काय कमी होणार? ज्या मुलाला मराठीतून फक्त घोषणा ऐकू आल्या, त्याला तिच्यातून एकदा पासही मिळू दे. दोन्ही भाषांतली पोरं पुढं कॉलेजला येतात ती आपल्याच वर्गात, तेव्हा ओळख तिथं होण्यापेक्षा आठवीत झालेली बरी.

दुसरा आक्षेप जड आहे, आणि तो टाळून चालणार नाही: आपण तिसऱ्या वर्षाचे, पुढच्या मार्चला निघून जाणार, मग जाणार कोण? मुटोम्बोकडं १० वर्षं होती, आपल्याकडं दहा महिने. म्हणूनच प्रशिक्षक मानधनावर हवा आणि तो तिथला हवा, शक्यतो त्या शाळेतून खेळून गेलेला. म्हणूनच आपल्या चौघांत दोघं पहिल्या वर्षाचे हवेत. आणि म्हणूनच मंडळाच्या वहीत दर शनिवारची नोंद हवी: किती मुलं आली, त्यात मुली किती, कोण यायचं थांबलं आणि का. ॲक्रनच्या शाळेसारखा वाईट आकडा निघाला तर तोही याच अंकात छापायचा. खेळून गणित सुधारेल असं वचन मी देणार नाही. खेळाडू होतील असंही नाही. आठवी-नववीत शाळा सोडणारं एखादं पोर शनिवारसाठी म्हणून शुक्रवारपर्यंत शाळेत टिकलं, तर तेवढं मी मोजायला तयार आहे.

मंडळाची पुढची बैठक सोमवारी आहे. सहा शाळांचा ठराव त्यादिवशी मताला येईल. मी विरोधात मत देणार आहे आणि दोन शाळांचा ठराव मांडणार आहे. पाठिंबा असो-नसो, पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनी जरूर या. ज्यांना शनिवारी यायचं आहे त्यांनी नावं जिमखान्याच्या खिडकीजवळ ठेवलेल्या वहीत लिहा. बास्केटबॉल यायलाच हवं असं नाही, कन्नड येत असेल तर आधी. तिकडच्या शाळा शनिवारी सकाळच्या असतात. साडेअकराला सुटतात, म्हणजे आपल्याला इथून दहाची बस धरावी लागेल.